पायडल फिरते, मोटर का फिरत नाही? : एका बिघाडामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यात चिचगड नावाचे गाव आहे. भोवती जंगल, धानाच्या बांध्या आणि बोड्या. या गावातून देवरीकडे निघालेल्या एखाद्या विद्युत-सायकलीची कल्पना करावी. पडदा उजळलेला आहे, बॅटरी भरलेली आहे, पायडल फिरते आहे, चेन ओढली जाते आहे. पण मोटर साथ देत नाही. वीस-बावीस किलोंची ती सायकल आता केवळ पायांच्या बळावर हाकावी लागते.

२/ अशा वेळी पहिला तर्क होतो, ‘मोटर जळाली.’ हा तर्क बहुधा चुकीचा ठरतो. पायडलाला साथ देणारी मोटर मुळातच आज्ञेवाचून न फिरण्यासाठी घडवलेली असते. काही साक्षीदारांनी एकमुखाने होकार दिला तरच ती हलते. एकाने जरी मौन धरले तरी ती थांबते. हे साक्षीदार कोण, ते केव्हा आणि कोणत्या कारणाने सायकलीवर आले, हे कळले की बिघाड कोठे शोधावा हेही कळते. हा धागा त्याचा आहे.

३/ आधी स्थळाविषयी. ब्रिटिश अमदानीत चिचगड ही भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी होती. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रांत व पुढे मध्य प्रदेशात होता. नंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नागपूर-रायपूर हा जुना ग्रेट ईस्टर्न रोड देवरीवरून जातो. बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग मात्र उत्तरेकडे गोंदिया-आमगावकडून गेला.

४/ या भूगोलाचा सायकलीशी थेट संबंध आहे. रेल्वे आणि बाजारपेठ दूर असलेल्या प्रदेशात वाहन बंद पडणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. त्या दिवसाची मजुरी, शाळा किंवा बाजार बुडणे होय. साध्या सायकलीने येथे शतकभर सेवा केली, कारण ती गावातच दुरुस्त होत असे. पंक्चर, चेन, छर्रे, ब्रेकचे रबर : सारे डोळ्यांना दिसणारे. विद्युत-सायकलीचा दोष डोळ्यांना दिसत नाही. खरी अडचण तेथे आहे.

५/ आता मुळाकडे. १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने पुन्हा भरता येणारी शिसे-आम्लाची बॅटरी तयार केली. एप्रिल १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर तीनचाकी सायकलीला विजेची मोटर जोडून चालवून दाखवली. पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी अद्याप जन्मायची होती. म्हणजे विजेवर चालणारी सायकल ही मोटारगाडीची धाकटी नव्हे, थोरली बहीण आहे.

६/ ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ऑग्डेन बोल्टन याला पेटंट मिळाले. त्याने मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवली होती. १८९७ साली बॉस्टनच्या होजिया लिबी याने मोटर पायडलाच्या आसापाशी आणली. आजच्या सायकलींतही हेच दोन प्रकार आहेत : हब-मोटर आणि मध्य-मोटर. मोटरीची जागा सव्वाशे वर्षांपूर्वीच ठरली होती. ठरली नव्हती ती एकच गोष्ट : मोटरीने केव्हा फिरावे, हे कोणी सांगायचे?

७/ बोल्टनच्या काळी उत्तर सोपे होते : स्वार हाताने विद्युतप्रवाह चालू करील आणि हातानेच बंद करील. पायांचा त्यात काही अधिकार नव्हता. शिवाय शिशाची बॅटरी जड, तिची धाव तोकडी आणि पेट्रोल स्वस्त होऊ लागलेले. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्युत-सायकल मागे पडली. साधी सायकल मात्र जगभर पसरली.

८/ ती महाराष्ट्रात कशी रुजली याची एक कथा दुरुस्तीच्या इतिहासात महत्त्वाची आहे. जॉन डनलॉपने हवेचा टायर आणला ते साल १८८८. त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामचंद्रराव यांचा सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, बंधू बेळगावात त्या विकीत; सायकल शिकवण्याचे पंधरा रुपये घेत असे सांगितले जाते.

९/ विक्रीबरोबर दुरुस्तीही आली. परदेशी यंत्र उघडायचे, त्याची रचना समजून घ्यायची आणि ते चालते करायचे, हा हातखंडा त्या दुकानात कमावला गेला. पुढे याच घराण्याने कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडवले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. विकत आणलेले यंत्र आपलेसे होते ते उघडून समजून घेतल्यावर, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

१०/ पायडल आणि इंजिन यांची जोडी मराठी घरांत पोहोचली ती १९७२ साली. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लुना’ बाजारात आणली. मोटर आणि पेडल या दोन शब्दांच्या संयोगातून ‘मोपेड’ हा शब्द झाला आहे. लुनेला पायडल होते. पण ते इंजिन सुरू करण्यापुरते, चढावर हातभार लावण्यापुरते किंवा पेट्रोल संपल्यावर घर गाठण्यापुरते. इंजिनाचा वेग हाताच्या मुठीत होता. पायांचे म्हणणे इंजिन ऐकत नव्हते.

११/ हे ऐकणे सुरू झाले जपानमध्ये. नोव्हेंबर १९९३ मध्ये यामाहा कंपनीने ‘पास’ नावाची सायकल मर्यादित भागात विक्रीस आणली. पुढच्या वर्षी ती देशभर गेली. तिला वेगळा थ्रॉटल नव्हता. स्वाराने पायडल दाबले की यंत्र त्या दाबाचे माप घेई आणि त्या मापात मोटरीचे बळ मिसळी. पाय थांबले की मोटर थांबे. ‘पायडल-साहाय्य’ ही आजची कल्पना येथून बाजारात रूढ झाली.

१२/ हा संयम कायद्यातून आला होता. मोटर आपोआप चालू लागली असती तर ती सायकल न राहता मोटारसायकल ठरली असती. परवाना आणि नोंदणी लागली असती. म्हणून जपानी नियमाने बंधन घातले : ताशी १५ किलोमीटरपर्यंत मोटरीचे बळ स्वाराच्या बळाहून अधिक नसावे, पुढे ते घटत जावे आणि ताशी २४ किलोमीटरला शून्य व्हावे. सायकल ‘सायकल’च राहावी यासाठी मोटरीला पायांच्या आज्ञेत ठेवले गेले.

१३/ भारतातही तत्त्व असेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तरतुदीनुसार मोटरीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेले, ठरलेल्या अटी पाळणारे बॅटरीवरील वाहन ‘मोटार वाहन’ मानले जात नाही. सामान्य माणूस बराच वेळ पायडल मारताना साधारण ७५ ते १०० वॅट शक्ती देतो. म्हणजे मोटर स्वाराच्या दुप्पट-तिप्पट बळ देऊ शकते. इतके बळ बेबंद सोडता येत नाही.

१४/ म्हणून मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये एक नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर, बसला. तो चार साक्षी तपासतो. पाय फिरत आहेत काय? ब्रेक सुटलेला आहे काय? वेग मर्यादेत आहे काय? बॅटरी सक्षम आहे काय? चारही उत्तरे अनुकूल असतील तरच प्रवाह मोटरीकडे जातो. चिचगडच्या रस्त्यावर मुकी झालेली मोटर बहुधा यांपैकी एका उत्तराची वाट पाहत उभी असते.

१५/ पहिली चाचणी हत्यारावाचून होते. पडद्यावरील साहाय्याची पातळी शून्यावर तर नाही ना, हे आधी पाहावे. हा दोष हास्यास्पद वाटतो, पण आढळतो. मग सायकलीला थ्रॉटल असेल तर मागचे चाक उचलून तो हलकेच पिळावा. चाक फिरले, तर बॅटरी, कंट्रोलर, मोटर आणि ब्रेकची साक्ष बहुतांशी ठीक आहे. संशय पायडलाच्या सेन्सरवर येतो. थ्रॉटलनेही चाक फिरले नाही, तर शोध ब्रेक, जोडण्या, बॅटरी आणि मोटर यांच्याकडे वळवावा.

१६/ पहिला साक्षीदार : पायडल. त्याचा जन्म १८७९ सालचा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हा विद्यार्थी सोन्याच्या अतिशय पातळ वर्खातून विद्युतप्रवाह सोडून तो चुंबकाच्या प्रभावाखाली धरत होता. वर्खाच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण झाल्याचे त्याला आढळले. चुंबक जवळ आहे की नाही, हे स्पर्शावाचून ओळखण्याची वाट त्यातून उघडली. यालाच ‘हॉल परिणाम’ म्हणतात.

१७/ आजच्या स्वस्त सायकलींत पायडलाच्या आसावर चुंबक बसवलेली एक चकती असते आणि तिच्यासमोर हॉल-सेन्सर. चकती फिरली की चुंबक एकामागून एक समोरून जातात, सेन्सर ठोके मोजतो, कंट्रोलर समजतो की पाय फिरत आहेत. चकती सरकली, चुंबक निखळला, मधले दोन-तीन मिलिमीटरचे अंतर वाढले किंवा तेथे चिखल घट्ट बसला, तर ठोके थांबतात. चकती उलटी बसवली तर पुढे मारलेले पायडल यंत्राला मागे मारल्यासारखे भासू शकते.

१८/ तपासणी अशी. या सेन्सरला बहुधा तीन तारा असतात : एकीतून सुमारे ५ व्होल्टचा पुरवठा, एक ऋण आणि एक संदेशाची. मल्टीमीटरचे एक टोक ऋण तारेला व दुसरे संदेशाच्या तारेला लावून पायडल अगदी सावकाश फिरवावे. आकडा शून्याजवळून पाचाजवळ आणि पुन्हा खाली असा हलला पाहिजे. पुरवठा आहे पण आकडा हलत नाही, तर आधी चकती पुसून अंतर नीट करावे. तरीही न हलल्यास सेन्सर बदलावा. पुरवठाच नसेल, तर दोष तारेत किंवा कंट्रोलरमध्ये आहे.

१९/ महागड्या सायकलींत केवळ फिरणे नव्हे, तर दाबही मोजला जातो. त्याचा वंश वेगळा. १८५६ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी दाखवले की धातूची तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो. १९३८ च्या सुमारास एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोन अमेरिकी संशोधकांनी स्वतंत्रपणे या तत्त्वावर ताणमापक घडवला. पायडलाच्या आसातील सूक्ष्म पीळ अशा मापकाने कळू शकतो.

२०/ या सेन्सरची एक खोड आहे. सायकल चालू करताना तो त्या क्षणीचा दाब ‘शून्य’ मानतो. स्वाराने पायडलावर पाय ठेवून बटण दाबले, तर तो भारच शून्य ठरतो आणि पुढे साहाय्य फार कमी मिळते किंवा मिळतच नाही. उपाय साधा : सायकल बंद करावी, दोन्ही पाय जमिनीवर ठेवावेत, मग पुन्हा चालू करावी. मोटर ‘जळाली’ म्हणून तालुक्याला नेलेली सायकल एवढ्यानेही चालू होऊ शकते.

२१/ दुसरा साक्षीदार : ब्रेक. ब्रेक दाबताच मोटरीचा प्रवाह तुटावा म्हणून मुठीत एक छोटा स्विच असतो. मूठ वाकली, स्प्रिंग सैल झाली किंवा आत पाणी गेले, तर ब्रेक सुटलेला असूनही कंट्रोलरला तो दाबलेलाच वाटतो. मग थ्रॉटल आणि पायडल दोन्ही निष्फळ. बहुतेक सायकलींत तपासणीपुरती दोन्ही मुठींची जोडणी काढून चाक अधांतरी फिरवून पाहता येते. मोटर जागी झाली, तर दोष तेथेच. मात्र स्विच बदलल्याखेरीज सायकल रस्त्यावर नेऊ नये. ती साक्ष जिवाच्या रक्षणासाठी आहे.

२२/ तिसरा साक्षीदार : वेग. अनेक मध्य-मोटर सायकलींत मागच्या चाकाच्या तारेवर एक चुंबक आणि चौकटीवर त्याचा सेन्सर असतो. चुंबक फिरून भलतीकडे गेला किंवा रस्त्यात पडला, तर वेगच कळत नाही. आणि वेग न कळता वेगमर्यादा पाळता येत नाही म्हणून यंत्रणा साहाय्य थांबवते. पडद्यावर अनेकदा दोषाचा क्रमांक येतो. चुंबक सेन्सरसमोर आणून पक्का केला की प्रश्न मिटतो. कायद्यातली ताशी २५ किलोमीटरची अट त्या इवल्या चुंबकापर्यंत अशी पोहोचलेली आहे.

२३/ चौथा साक्षीदार : बॅटरी. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि शिशाचे ओझे उतरण्याची वाट मोकळी झाली. या बॅटरीत रक्षक-मंडल असते. एखादा घट फार उतरला की ते प्रवाह तोडते. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारे ४२ व्होल्ट दाखवते. पण जुनी बॅटरी विसाव्यात पूर्ण आकडा दाखवून चढावर भार येताच कोसळते. पडद्याला नगण्य प्रवाह पुरतो, मोटरीला पुरत नाही. म्हणून ‘पडदा चालू, बॅटरी ठीक’ हा निष्कर्ष फसवा आहे. व्होल्ट भाराखाली पाहावेत.

२४/ चारही साक्षी निर्दोष ठरल्या, तर मगच मोटरीवर आरोप ठेवावा. बोल्टनच्या मोटरीत प्रवाहाची दिशा बदलण्यासाठी घासणारे ब्रश होते. १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी यांनी ते काम इलेक्ट्रॉनिक स्विचांकडे देणारी ब्रशविरहित मोटर मांडली. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांच्या संशोधनातून बलवान निओडिमियम चुंबक आले. सायकलीच्या हबमध्ये मावणारी मोटर या दोन शोधांची देणगी आहे.

२५/ या मोटरीत ब्रश झिजत नाहीत, पण चुंबकाची स्थिती सांगणारे तीन हॉल-सेन्सर आणि प्रवाहाच्या तीन जाड तारा असतात. मोटर थरथरते, गुरगुरते पण फिरत नाही, तर यांपैकी एखादी तुटली असावी. जाड तारा कंट्रोलरपासून सोडवून कोणत्याही दोन एकमेकींना टेकवाव्यात आणि चाक हाताने फिरवावे. गियर नसलेल्या मोटरीत पुढे आणि गियर असलेल्या मोटरीत मागे फिरवताना तिन्ही जोड्यांत सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. मोटरीचा आवाज येतो पण चाक फिरत नाही, तर आतले गियर किंवा क्लच झिजलेले असतात.

२६/ पूर्व विदर्भात एक जागा विशेष पाहावी : चाकाच्या आसापाशी मोटरीची केबल. पंक्चर काढताना चाक सोडले जाते, केबल पिळली जाते, जोडणी अर्धवट बसते. पावसाळ्यात बांध्यांतून, चिखलातून गेल्यावर तीतच पाणी शिरते आणि पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो. बॅटरी काढावी, जोडणी उघडून कोरडी करावी, बाण जुळवून शेवटपर्यंत दाबावी. चिखल धुताना पाण्याचा जोराचा फवारा आसावर मारू नये.

२७/ दोन मर्यादा मात्र ओलांडू नयेत. जोडण्या काढण्या-घालण्यापूर्वी बॅटरी वेगळी करावी. आणि बॅटरीचे कवच गावात उघडू नये. फुगलेली, तापलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी चार्जही करू नये. लिथियमची आग विझवणे अतिशय कठीण असते.

२८/ क्रम असा : पातळी, थ्रॉटलची चाचणी, पायडलाचा सेन्सर, ब्रेकचा स्विच, वेगाचा चुंबक, जोडण्या, भाराखालची बॅटरी आणि सर्वांत शेवटी मोटर. स्वस्तातून महागाकडे, बाहेरून आत. मोटरीपासून सुरुवात करणारा बहुधा शाबूत मोटर बदलतो आणि दोन रुपयांच्या चुंबकाचा दोष तसाच राहतो.

२९/ १८८८ मध्ये बेळगावात सायकल नवी होती, तशी आज चिचगडच्या रस्त्यावर विद्युत-सायकल नवी आहे. तेव्हा ती उघडून पाहता येत होती. आज काही उत्पादक दोषांचे क्रमांक आणि सेन्सरची जुळवणी आपल्या संगणक-प्रणालीत कुलूपबंद ठेवतात. तेथे गावच्या मिस्त्रीचा हात थांबतो. साध्या हब-मोटरीच्या सायकलीत मात्र एक मल्टीमीटर आणि वरील क्रम एवढ्यावर पुष्कळ दोष गावातच सापडतात.

३०/ सायकल विकत घेताना म्हणूनच धाव आणि किंमत यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : हिचा पायडल-सेन्सर सुटा मिळतो काय, आणि तो गावचा मिस्त्री बदलू शकतो काय? देवरीच्या वाटेवर मोटर मुकी होईल त्या दिवशी घरी पोहोचणे या उत्तरावर अवलंबून राहील. (समाप्त)